ऑपरेशनचे टेबल तिरके करणारे सर्जन: फ्रीडरिख ट्रेंडेलेनबर्ग

गर्भाशयाचे किंवा प्रोस्टेटचे दुर्बिणीचे ऑपरेशन झाले की दुसऱ्या दिवशी नातेवाईक हमखास विचारतात, ऑपरेशन तर पोटाचे होते, मग चेहरा का सुजला? पापण्या जड का दिसतात? खांदा का दुखतोय? खांद्याचे कारण बहुतेक वेळा वेगळे असते, ते पुढे येईलच. चेहऱ्याच्या सुजेचे कारण मात्र साधे आहे. ऑपरेशन चालू असताना दोन-तीन तास पेशंटचे डोके खाली आणि कंबर वर, अशा उतारावर त्याला ठेवलेले होते. पलंग उतरता केला की पाणी जसे एका बाजूला जमते, तसे शरीरातले रक्त आणि द्रव थोडे डोक्याकडे उतरतात. एक-दोन दिवसांत ही सूज आपोआप ओसरते.

ऑपरेशनच्या नोंदीत या अवस्थेसाठी एक लांबलचक जर्मन नाव लिहिलेले असते: ट्रेंडेलेनबर्ग पोझिशन. ते एका माणसाचे नाव आहे. मेडिकलच्या विद्यार्थ्याला हे नाव तीन-चार ठिकाणी पाठ करावे लागते. पायाच्या फुगलेल्या नसा तपासताना, खुब्याचा दोष ओळखताना, फुप्फुसात अडकलेल्या गुठळीबद्दल वाचताना आणि ऑपरेशनच्या टेबलाबद्दल शिकताना. इतक्या ठिकाणी भेटणारा हा माणूस कोण होता, हे मात्र कुणी सांगत नाही. पेशंटच्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मोठे काम टेबलाचेच, म्हणून तिथेच जास्त वेळ थांबू.

तेव्हाचे टेबल

आज थिएटरमधले टेबल बटण दाबले की वर-खाली होते, डावी-उजवीकडे कलते, कंबरेपाशी मोडते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ऑपरेशनचे टेबल म्हणजे एक भक्कम लाकडी बाक असे. लंडनमध्ये सेंट थॉमस हॉस्पिटलचे जुने ऑपरेशन थिएटर आता संग्रहालय म्हणून जपले आहे. तिथे असे लाकडी टेबल आणि रक्त शोषून घेण्यासाठी खाली ठेवायची लाकडाच्या भुशाची पेटी पाहायला मिळते. १८४६ साली बॉस्टनमध्ये ईथरची भूल जाहीरपणे दाखवली गेली. त्याआधी टेबलाचे काम एकच होते, ओरडणाऱ्या आणि धडपडणाऱ्या माणसाला चार जणांनी दाबून धरले तरी न हलणे. सर्जन जितका चपळ तितका तो चांगला, असा हिशेब होता.

भूल आली आणि घाई संपली. १८६७ मध्ये लिस्टर यांनी जंतुनाशक पद्धत मांडल्यावर जखमा सडण्याचे प्रमाणही हळूहळू घटू लागले. लाकूड रक्त पिते आणि नीट धुता येत नाही, म्हणून पुढच्या काही दशकांत लाकडाच्या जागी धातू आणि काच आली. पोट उघडण्याची हिंमत सर्जन करू लागले. पण पोट उघडल्यावर एक नवीनच अडचण समोर आली. दिसत काही नव्हते.

याचे कारण समजायला आपल्या पोटाची रचना डोळ्यांसमोर आणा. लहान आतडे साधारण सहा मीटर लांब असते आणि ते सैल, निसरडे, सतत हलणारे असते. माणूस सपाट झोपला की या आतड्यांचा मोठा भाग ओटीपोटाच्या खळग्यात, म्हणजे मूत्राशय आणि गर्भाशय असतात तिथे, पसरून बसतो. सर्जनने हाताने बाजूला केले की ती पुन्हा घसरून जागेवर येतात. भरलेल्या वाटीच्या तळाशी पडलेली सुई शोधण्यासारखे हे काम आहे. वाटी मोठी करून उपयोग नाही. ती कलती करायला हवी.

बर्लिनचा मुलगा, स्कॉटलंड आणि सुश्रुत

फ्रीडरिख ट्रेंडेलेनबर्ग यांचा जन्म २४ मे १८४४ रोजी बर्लिनमध्ये झाला. वडील फ्रीडरिख अडोल्फ ट्रेंडेलेनबर्ग हे बर्लिन विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे नावाजलेले प्राध्यापक, ॲरिस्टॉटलचे अभ्यासक. घरात ग्रंथ आणि जुन्या भाषा यांचा वावर. मुलगा मात्र वैद्यकाकडे वळला, आणि त्याची सुरुवात जर्मनीत न होता स्कॉटलंडमध्ये, ग्लासगो आणि एडिंबरा इथे झाली. मग बर्लिनला परत येऊन त्यांनी बर्नहार्ड फॉन लांगेनबेक यांच्याकडे शिक्षण पूर्ण केले. लांगेनबेक म्हणजे त्या काळातल्या जर्मन सर्जरीचा वटवृक्ष. पुढच्या पिढीतले निम्मे मोठे सर्जन त्यांच्याच सावलीत वाढले.

१८६६ मध्ये ट्रेंडेलेनबर्ग यांना डॉक्टरेट मिळाली. त्या प्रबंधाचा विषय वाचून मराठी वाचकाला गंमत वाटेल. विषय होता प्राचीन भारतीयांची शस्त्रक्रिया. बावीस वर्षांच्या जर्मन मुलाला हा विषय सुचण्यामागे पार्श्वभूमी होती. सुश्रुतसंहितेचे फ्रान्झ हेसलर यांनी केलेले लॅटिन भाषांतर १८४४ पासून, म्हणजे ट्रेंडेलेनबर्ग यांच्या जन्मवर्षापासूनच, खंडाखंडाने छापले जात होते. आणि कपाळाच्या कातडीचे नवे नाक करण्याची आपल्याकडची पद्धत युरोपच्या सर्जनना त्याआधीच ठाऊक झाली होती. पुण्याजवळ झालेल्या अशा एका ऑपरेशनचे वर्णन १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात चित्रासह छापून आले होते. नाक कापले गेलेला तो माणूस इंग्रजांच्या फौजेत बैलगाडी हाकणारा होता.

सुश्रुतसंहितेत मूत्राशयातला खडा काढण्याचे जे वर्णन आहे, त्यात पेशंटला कसे बसवायचे, कसे टेकवायचे, हे बारकाईने सांगितले आहे. गुडघ्याइतक्या उंचीची फळी, पाठ दुसऱ्या धडधाकट माणसाच्या मांडीवर टेकलेली, कंबरेखाली कापडाचा आधार देऊन ती उंच केलेली, गुडघे दुमडून बांधलेले. कंबर उंच करणे आणि आधाराला माणूस घेणे, या दोन्ही गोष्टी ट्रेंडेलेनबर्ग यांच्या पुढच्या कामातही दिसतात. म्हणून त्यांनी युक्ती तिथूनच उचलली, असे छातीठोक सांगणारे लेख मात्र मला पटत नाहीत. सुश्रुताच्या पद्धतीत खडा खालच्या बाजूने, गुदद्वाराजवळ छेद घेऊन काढायचा आहे. ट्रेंडेलेनबर्ग वरून, पोटाच्या बाजूने मूत्राशयात शिरत होते. कंबर उचलण्याचे कारण दोघांचे वेगळे आहे. पण ऑपरेशनआधी माणसाला नीट ठेवणे हाही शस्त्रक्रियेचा भाग आहे, हे त्यांनी विद्यार्थी असतानाच वाचले होते, एवढे म्हणायला हरकत नाही.

श्वासनळीतला फुगा

लांगेनबेक यांच्या हाताखाली काम करताना त्यांनी पहिली महत्त्वाची गोष्ट केली, तीही पेशंट सुरक्षित कसा राहील याच विचारातून. जबड्याच्या, जिभेच्या, घशाच्या ऑपरेशनमध्ये भूल दिलेल्या माणसाला खोकता येत नाही, आणि तोंडातले रक्त सरळ श्वासनळीत उतरते. पेशंट ऑपरेशनमधून वाचायचा आणि फुप्फुसात गेलेल्या रक्ताने दगावायचा. ट्रेंडेलेनबर्ग यांनी गळ्याला छेद देऊन श्वासनळीत नळी घातली. त्या नळीभोवती रबराचा छोटा फुगा बसवला. फुगा फुगवला की श्वासनळीची बाजूची जागा बंद होते, वरचे रक्त खाली जात नाही आणि नळीतून क्लोरोफॉर्मची भूल चालू ठेवता येते. हे काम त्यांनी १८७१ मध्ये प्रसिद्ध केले.

आज पूर्ण भुलीच्या बहुतेक मोठ्या ऑपरेशनमध्ये तोंडातून श्वासनळीत जी नळी घालतात, तिच्या टोकाशी असाच फुगा असतो. ऑपरेशननंतर एक-दोन दिवस घसा खवखवतो, आवाज थोडा बसतो, तो या नळीमुळे. घाबरण्याचे कारण नसते. आवाज आठवड्याभरात सुधारला नाही तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

१८७२ मध्ये जर्मन सर्जनांची संघटना उभी राहिली, तिच्या स्थापनेत तरुण ट्रेंडेलेनबर्ग यांचाही हात होता. थोडा काळ बर्लिनच्या फ्रीडरिख्सहाइन हॉस्पिटलमध्ये काम करून १८७५ मध्ये ते रोस्टॉक विद्यापीठात प्राध्यापक झाले, आणि १८८२ मध्ये बॉनला गेले.

कंबर वर, डोके खाली

त्या काळातला एक आजार आज शहरातल्या वाचकांना ऐकूनही माहीत नसेल. बाळंतपण अडले, दोन-दोन दिवस कळा चालू राहिल्या, तर बाळाचे डोके आईच्या मूत्राशयाला हाडाशी सतत दाबून धरते. दाबलेल्या भागाचा रक्तपुरवठा थांबतो, काही दिवसांनी तो भाग गळून पडतो, आणि मूत्राशय व योनिमार्ग यांच्यात भोक तयार होते. बाळ बहुतेकदा गेलेले असते. आई जगते, पण तिची लघवी त्या भोकातून रात्रंदिवस ठिबकत राहते. कपडे ओले, अंगाला वास, मांड्यांची कातडी सोललेली. नवरा दूर करतो, शेजारीण पाठ फिरवते. विशीतली मुलगी उरलेले आयुष्य कोपऱ्यात काढते. वेळेवर सिझेरियन होऊ लागल्यापासून हा आजार खूप कमी झाला. पण जिथे अडलेल्या बाईला हॉस्पिटल गाठायला उशीर होतो, तिथे तो आजही होतो. क्वचित गर्भपिशवी काढण्याच्या ऑपरेशननंतरही होऊ शकतो. कुणाला अशी सतत गळती असेल तर ती लाजेने झाकू नये. हा आजार ऑपरेशनने बरा होतो.

हे भोक योनिमार्गातून शिवायचे तंत्र तेव्हा होते. पण काही भोके इतकी वर आणि आत असत की तिथे सुई पोहोचत नसे. ट्रेंडेलेनबर्ग यांनी ठरवले की ओटीपोटावर छेद घेऊन मूत्राशय वरून उघडायचे आणि आतून टाके घालायचे. मूत्राशयातले खडे आणि गाठी काढतानाही हाच रस्ता. आणि इथेच ती आतड्यांची अडचण आडवी आली.

त्यांचा उपाय असा होता. टेबलाच्या पायथ्याशी एक माणूस उभा राहायचा. पेशंटचे दोन्ही गुडघे त्याच्या खांद्यांवर अडकवायचे. पेशंटचे ढुंगण टेबलापासून उचलले जायचे, आणि कंबर सर्वांत उंच, डोके सर्वांत खाली, अशा मोठ्या उतारावर शरीर यायचे. उतार थोडाथोडका नव्हे, सुमारे ४५ अंशांचा. या अवस्थेत आतडी आपल्याच वजनाने छातीच्या पडद्याकडे घरंगळत जातात आणि ओटीपोटाचा खळगा मोकळा होतो. मूत्राशय उघडले की हवा आत शिरते, ते आपोआप पसरते आणि त्याची मागची भिंत तळापर्यंत दिसते. कुठलेही नवे हत्यार लागले नाही, औषध लागले नाही. जे काम चार हात करू शकत नव्हते ते गुरुत्वाकर्षणाने केले.

त्या खांदे देणाऱ्या माणसाचा विचार माझ्या मनात नेहमी येतो. एखादा धडधाकट मदतनीस असणार. तास-दीड तास एका बेशुद्ध देहाचा अर्धा भार खांद्यांवर घेऊन, न हलता उभे राहायचे. तो हलला तर सर्जनची सुई हलणार. आजच्या टेबलातली मोटर जे काम करते ते काम सुरुवातीला एका माणसाच्या खांद्यांनी केले आहे, आणि त्याचे नाव कुठेही नाही.

ही पद्धत जगाला कळली ती ट्रेंडेलेनबर्ग यांच्या आधी त्यांचे बॉनमधले सहायक विली मायर यांच्यामुळे. त्यांनी १८८५ मध्ये तिच्यावर लेख लिहिला. मायर तोवर न्यूयॉर्कला स्थायिक झाले होते, त्यामुळे पद्धत अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना पोहोचली. खुद्द ट्रेंडेलेनबर्ग यांनी त्या भोकाच्या ऑपरेशनांवरचा आणि कंबर उंच ठेवण्यावरचा आपला लेख १८९० मध्ये छापला. तोपर्यंत स्त्रीरोगतज्ज्ञांनी तिचा धडाक्यात वापर सुरू केला होता.

मग टेबल बनवणारे पुढे आले. आधी साध्या टेबलावर ठेवायच्या उतरत्या चौकटी निघाल्या. नंतर गुडघ्यापाशी खाली मोडणारी फळी, पेशंट घसरू नये म्हणून खांद्याशी आधार, आणि हँडल फिरवून कमी-जास्त करता येणारा उतार. खांदे देणारा माणूस मोकळा झाला. टेबल हे नुसते आडवे होण्याचे लाकूड राहिले नाही, सर्जनच्या हातातले एक साधन झाले. पुढे तेलाच्या दाबाचा पंप आला, वीज आली, एक्स-रे आरपार जावा म्हणून कार्बन फायबरचे पृष्ठभाग आले. पण टेबल कलले पाहिजे, ही मूळ मागणी तीच आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये तर तिच्याशिवाय पान हलत नाही. तिथे सर्जनला आतडी हाताने बाजूला धरण्याची सोयच नसते.

नाव चिकटले आणि भलतीकडे गेले

पहिल्या महायुद्धात रक्तस्रावाने शॉकमध्ये गेलेल्या सैनिकांना डोके खाली, पाय वर असे ठेवण्याची पद्धत सुरू झाली. पायातले रक्त मेंदूकडे जाईल, असा सरळ हिशेब. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी तिचा पुरस्कार केला, आणि दहाएक वर्षांनी आपले मत बदलले. मत बदलल्याचे फारसे कुणाच्या कानावर गेले नाही. पुढे अनेक दशके जगभर बीपी उतरलेल्या पेशंटचे डोके खाली केले जात राहिले. आपल्याकडच्या जुन्या वॉर्डांत खाटेच्या पायथ्याकडच्या पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे ठेवलेले ज्यांनी पाहिले असतील, त्यांना हे लगेच आठवेल. त्यातल्या काही विटा दुसऱ्या कारणांसाठीही असत, पायाला वजन लावल्यावर पेशंट ओढला जाऊ नये म्हणून, वगैरे. पण बीपीसाठी ठेवलेल्या विटांचा फायदा फारच थोडा होता.

ट्रेंडेलेनबर्ग यांनी ही अवस्था सर्जनला दिसावे म्हणून शोधली होती, शॉकचा उपचार म्हणून नव्हे. नंतरच्या अभ्यासांत दिसले की संपूर्ण शरीर उतारावर ठेवल्याने बीपी फार तर थोडा वेळ किंचित वाढते. उलट पोटातले अवयव छातीच्या पडद्यावर दाबतात, श्वास घेणे जड होते, डोक्यातला दाब वाढतो आणि उलटी फुप्फुसात जाण्याची भीती राहते. म्हणून घरी हे लक्षात ठेवा. कुणाला चक्कर येऊन भोवळ आली तर सपाट झोपवा आणि फक्त पाय उशीवर उचलून ठेवा, तेवढे पुरेसे आहे. पलंगाचा पायथा उचलू नका. डोक्याला मार लागला असेल, धाप लागली असेल, तर पायही उचलू नका. बेशुद्ध माणूस श्वास घेत असेल तर कुशीवर वळवा. पाणी पाजू नका. महाराष्ट्रात १०८ ला फोन करा.

डोके खाली करण्याचे खरे उपयोग आजही आहेत. मानेच्या शिरेत नळी घालताना शीर भरून दिसावी आणि हवा आत ओढली जाऊ नये म्हणून भूलतज्ज्ञ टेबल थोडे उतरते करतात. बाळंतपणात बाळाआधी नाळ बाहेर आली तर नाळेवरचा दाब कमी करायला आईची कंबर तातडीने उंच करतात. मणक्यातल्या भुलीचे औषध किती वर चढेल हेदेखील बऱ्याच अंशी टेबलाच्या उतारावर ठरते. म्हणून त्या इंजेक्शननंतर काही मिनिटे सांगितल्याशिवाय हालचाल करू नका, असे बजावतात. पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये तर टेबल नेमके उलट, डोके वर असे करतात. त्यालाही याच सर्जनचे नाव आहे, फक्त पुढे 'रिव्हर्स' लावून.

रोबोटने करायच्या प्रोस्टेटच्या ऑपरेशनमध्ये उतार २५-३० अंशांपर्यंत किंवा त्याहूनही जास्त असतो, आणि तो काही तास असतो. शरीर त्याची किंमत मोजते. डोळ्यांतला दाब वाढतो, म्हणून काचबिंदू असेल तर तो सर्जनला आणि भूलतज्ज्ञाला आवर्जून सांगा. डोळ्यांचे थेंब चालू आहेत, हे पुष्कळ पेशंट 'औषधे' विचारल्यावर सांगतच नाहीत, त्यांच्या लेखी औषध म्हणजे गोळी. जळजळ, आंबट पाणी वर येणे, दमा, घोरणे, मानेचा किंवा खांद्याचा जुना त्रास, बदललेला खुबा किंवा गुडघा, हेही सांगा. खुबा बदललेला पाय टेबलाच्या आधारात कसा ठेवायचा, हे टीमला आधी ठरवावे लागते. उपाशी राहायला सांगितलेले तास काटेकोर पाळा. डोके खाली असताना पोटात अन्न असणे दुप्पट धोक्याचे आहे.

आता तो खांदा. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोट कार्बन डायऑक्साइड वायूने फुगवतात. उरलेला थोडा वायू छातीच्या पडद्याला टोचत राहतो. पडद्याच्या आणि खांद्याच्या संवेदना मानेतल्या एकाच भागातून जातात, म्हणून मेंदूला दुखणे खांद्यात वाटते. हे दोन-तीन दिवसांत जाते. पण हाताला मुंग्या येत असतील, बोटांत जोर नसेल, पायाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा असेल किंवा पाऊल उचलता येत नसेल, तर ते वायूचे नाही. टेबलावर एखादी नस दाबली किंवा ताणली गेलेली असू शकते. पूर्वी पेशंट घसरू नये म्हणून खांद्याला लावलेल्या कडक आधारांमुळे अशा इजा होत. आता बऱ्याच ठिकाणी न घसरणाऱ्या फोमच्या गाद्या वापरतात. बहुतेक इजा भरून येतात, पण लवकर सांगितलेले बरे. नजर अंधुक झाली तर एक दिवसही थांबू नका.

लाइपझिग, आणि एक अपयश

त्यांच्या आयुष्याकडे परत येऊ. बॉनमध्ये असतानाच, १८९० च्या सुमारास, त्यांनी पायाच्या फुगलेल्या नसांवर मांडीतली मुख्य शीर बांधण्याचे ऑपरेशन मांडले. पाय वर करून नसा रिकाम्या करायच्या, वरून दाबायचे आणि मग पेशंटला उभे करून पाहायचे, ही तपासणीही त्यांचीच. जुन्या पद्धतीचे डॉक्टर आजही ती दोन मिनिटांत करतात. १८९५ मध्ये त्यांनी खुब्याचा दोष असलेली मुले डुलत का चालतात, ते दाखवले. एका पायावर उभे केले की दुसऱ्या बाजूची कंबर खाली पडते, कारण उभ्या पायाच्या खुब्याचे स्नायू तिला धरू शकत नाहीत. त्याच वर्षी ते लाइपझिगला गेले आणि १९११ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले.

लाइपझिगमध्ये एका मरणाने त्यांचा पिच्छा सोडला नाही. ऑपरेशन उत्तम झालेले असते, टाके भरत असतात, पेशंट आठ-दहा दिवसांनी उठून बसतो आणि काही मिनिटांत कोसळतो. पायाच्या शिरेत तयार झालेली रक्ताची गुठळी सुटून हृदयातून फुप्फुसाच्या धमनीत अडकलेली असते. त्या काळी यावर इलाजच नव्हता. ट्रेंडेलेनबर्ग यांनी वासरांवर प्रयोग करून एक ऑपरेशन बसवले. डाव्या बाजूने छाती उघडायची, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमन्यांभोवती रबरी नळी ओढून रक्तप्रवाह थांबवायचा, धमनी उघडून गुठळी बाहेर काढायची, आणि हे सारे प्रवाह थांबल्यापासून मिनिटभराच्या आत. साठी ओलांडलेल्या, सगळे मानसन्मान मिळालेल्या प्राध्यापकाने हे करायला घेतले आणि १९०८ मध्ये सर्जनांपुढे मांडले. त्यांचा एकही पेशंट घरी गेला नाही.

तरीही ते ऑपरेशन मेले नाही. इतर सर्जन ते करत राहिले, बहुतेक अपयशी ठरले. १९३०-३१ च्या हिवाळ्यात बॉस्टनमध्ये जॉन गिबन नावाचा तरुण डॉक्टर अशाच एका बाईशेजारी रात्रभर बसून होता. शेवटी तिच्यावर हे ऑपरेशन झाले आणि ती गेली. तेवढा वेळ हृदय-फुप्फुसांचे काम यंत्राने केले असते तर, हा विचार गिबन यांच्या डोक्यातून गेला नाही. त्यातून हार्ट-लंग मशीन तयार झाले, आणि १९५३ मध्ये त्यांनी ते वापरून हृदयाचे यशस्वी ऑपरेशन केले. आजच्या बायपासमागे ही साखळी आहे. गुठळीवर आता रक्त पातळ करणारी आणि गुठळी विरघळवणारी औषधे आहेत, पण मोठ्या ऑपरेशननंतर ती होऊच नये म्हणून अजूनही आपल्याला पोटरीचे मोजे घालायला आणि लवकर चालायला लावतात. दुखते म्हणून पडून राहणाऱ्या पेशंटला उठवताना नर्स कठोर वाटते, पण तिचे बरोबर असते. ऑपरेशननंतर एकाच पोटरीला सूज आली, अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले, तर सकाळची वाट पाहू नका.

निवृत्तीनंतर ट्रेंडेलेनबर्ग लिहीत राहिले. सर्जनांच्या संघटनेच्या पहिल्या पंचवीस वर्षांचा इतिहास त्यांनी लिहिला आणि आपल्या लहानपणाच्या, तरुणपणाच्या आठवणीही. त्यांची मुलेही विद्वान निघाली. पाउल हे औषधशास्त्रातले आणि विल्हेल्म हे शरीरक्रियाशास्त्रातले मोठे नाव झाले.

मार्च १९२४ मध्ये क्योनिग्सबर्ग इथे मार्टिन किर्शनर या सर्जनने फुप्फुसातली गुठळी काढण्याचे ट्रेंडेलेनबर्ग यांचे ऑपरेशन एका बाईवर केले आणि ती बाई बरी झाली. ट्रेंडेलेनबर्ग तेव्हा वयाच्या ऐंशीव्या वर्षात होते. त्याच वर्षी १५ डिसेंबरला बर्लिनच्या निकोलासझे भागात त्यांचे निधन झाले. त्यांना खालच्या जबड्याचा कर्करोग झाला होता. पन्नास वर्षांपूर्वी श्वासनळीतला तो रबरी फुगा त्यांनी अशाच पेशंटांसाठी तयार केला होता.